पंचावन्नी उलटल्यावर

बँकेत असताना निवृत्तीला आलेल्यांचे हिशेब मी पुष्कळ करून दिले. पुढे स्वतःचाही केला, दमडी न सोडता. म्हणूनच रेव्हरंड टिळकांच्या चरित्रातल्या १९१७ सालाशी मी अडखळतो.

कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. अमेरिकन मराठी मिशनचे पगारी काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. पंचावन्नी उलटल्यावर ते सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे ख्रिस्ताला मानणारा कुणीही यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. घरखर्चाचे काय, हे माझ्यातल्या कारकुनाला सुचतेच!

दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे शाळेत न शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुरे केले.