कराची ते जुहू : सव्वासात तास

विलायतेचे टपाल बोटीने मुंबई बंदरात पोहोचण्यास एकेकाळी सुमारे दोन आठवडे लागत. तेथून टपालाच्या थैल्या आगगाडीने कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, नाशिकमार्गे उत्तरेकडे रवाना होत. १९२९ मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची विमानसेवा सुरू झाली आणि हेच टपाल आठवडाभरात कराचीत येऊ लागले. मात्र कराचीहून पुढे मुंबई आणि मद्रासकडे जाण्यास पुन्हा आगगाडीचाच आधार होता. हा उरलेला टप्पा हवाईमार्गाने जोडण्याचे श्रेय जे. आर. डी. टाटा यांच्याकडे जाते.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. विमानातून प्रथमच इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचे घर फ्रान्सच्या किनाऱ्यावर टाटा कुटुंबाच्या सुटीतील घराजवळच होते. तेथेच लहानग्या जहांगीरला विमानांचे वेड लागले. मुंबईत विमान चालविणे शिकून त्यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला. भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना होता.

भारत आणि इंग्लंड हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले होते. १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा तरुण इंग्लंडहून भारताकडे येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी अस्पी अडकून पडले होते. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिला. शर्यत अस्पींनी अवघ्या काही तासांच्या फरकाने जिंकली. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

टपालसेवेची योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. सर दोराबजी टाटा यांची संमती मिळाली आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. यांचे एक इंजिनाचे पस मॉथ विमान कराचीहून झेपावले. अहमदाबादला इंधन भरण्यात आले. इंधनाचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला उतरले. पुढे व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे, तेव्हा सेवा पुण्याहून चाले.

याच रोपट्याची एअर इंडिया झाली. जून १९४८ मध्ये 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो व जीनिव्हामार्गे लंडनला गेले. १९५३ मध्ये सरकारने कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. तरीही अध्यक्षपद जे. आर. डी. यांच्याकडेच राहिले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना तेथून दूर केले. हा आघात त्यांच्या जिव्हारी लागला.

मात्र आकाशाशी असलेले नाते तुटले नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जीनिव्हात त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

कराची आणि मुंबई यांतील सरळ हवाई अंतर ९०० किलोमीटरपेक्षाही कमी आहे. जेट विमानाला ते कापण्यास दीड तास पुरेसा आहे. मात्र जे. आर. डी. यांनी सव्वासात तासांत जोडलेल्या या दोन शहरांदरम्यान आज थेट विमानसेवा नाही.