काव्य, दांपत्य आणि राजकीय मतभेद : एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग

एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग (१८०६-१८६१) हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते मुख्यतः तिच्या प्रेमसुनीतांमुळे. ‘कुसुमानिल’मधील पत्रव्यवहार वाचलेल्या वाचकाला तर पत्रांतून जुळलेला हा कवी-कवयित्रीचा विवाह आपलासा वाटणे स्वाभाविकच होय. परंतु या प्रेमकथेच्या तेजापुढे तिच्या आयुष्यातील एक बाब अभ्यासकांच्याही नजरेआड होते. विवाहानंतरची शेवटची दहा वर्षे हे दांपत्य एका राज्यकर्त्याविषयी परस्परविरुद्ध मते बाळगून होते, आणि तिची उत्तरकालीन राजकीय कविता याच वादाच्या सान्निध्यात लिहिली गेली.

तिच्या पित्याच्या घराण्याची संपत्ती जमेकातील मळ्यांची, म्हणजे गुलामांच्या श्रमांची होती. १८३३ मध्ये गुलामगिरीबंदीचा कायदा झाला तेव्हा कुटुंबाचे नुकसान होणार हे दिसत असूनही तिने त्याचे स्वागत केले. घरातील मताहून वेगळे मत बाळगण्याची सवय तिला विवाहापूर्वीच जडली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. १८४४ च्या काव्यसंग्रहाने तिला कीर्ती मिळवून दिली. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, आणि त्या वेळी तिच्याइतका प्रसिद्ध नसलेला रॉबर्ट ब्राउनिंग याने १० जानेवारी १८४५ रोजी तिला पहिले पत्र लिहिले. पुढील वीस महिन्यांत दोघांनी पावणेसहाशेच्या आसपास पत्रे लिहिली.

या पत्रांत केवळ अनुनय नाही. १८४६ च्या एप्रिलमध्ये द्वंद्वयुद्धाच्या प्रथेवरून दोघांत वाद झाला. रॉबर्ट प्रथेच्या बाजूने बोलत होता, एलिझाबेथ विरोधात. त्याहून बोलका प्रसंग सप्टेंबरचा. तिचा फ्लश नावाचा कुत्रा लंडनमधील चोरांच्या टोळीने पळवला व सहा गिनींची खंडणी मागितली. खंडणी देणे म्हणजे जुलमाला बळ देणे, असे रॉबर्टचे म्हणणे. तत्त्व निर्दोष होते. पण ओलीस पडलेला जीव त्या तत्त्वाने सुटत नव्हता. वर्षानुवर्षे आजारपणात खोलीबाहेर क्वचितच पडणारी ही स्त्री दासीला घेऊन भाड्याच्या गाडीतून शोरडिचच्या वस्तीत टोळीच्या म्होरक्याच्या दारी गेली. अखेर पैसे दिले गेले, कुत्रा परत आला, आणि थोड्याच दिवसांत, १२ सप्टेंबर रोजी, पित्याच्या नकळत विवाह झाला. (व्हर्जिनिया वुल्फने १९३३ मध्ये या कुत्र्याचे चरित्रच लिहिले.) चरित्रकार हा प्रसंग गमतीने सांगतात. माझ्या मते तिची पुढील राजकीय भूमिका समजून घेण्याची किल्ली तेथेच आहे.

पित्याने तिला कधीही क्षमा केली नाही. दांपत्याने इटलीत, प्रथम पिसा व नंतर फ्लॉरेन्स येथे, संसार थाटला. १८४९ मध्ये पुत्र झाला. ऑस्ट्रियाच्या वर्चस्वाखालील इटलीच्या स्वातंत्र्याविषयी दोघांचे एकमत होते. ‘कासा गिडी विंडोज’ (१८५१) हे तिचे दीर्घकाव्य त्याच आस्थेतून आले.

फूट पडली ती २ डिसेंबर १८५१ च्या सत्तापालटाने. लुई नेपोलियनने फ्रान्सची लोकसभा बरखास्त केली तेव्हा हे दांपत्य पॅरिसमध्येच राहत होते. रॉबर्टला त्यात शपथभंग आणि दडपशाही दिसली. एलिझाबेथला त्या माणसाचे धाडस भावले. शिवाय त्या महिन्यातील सार्वमतात सुमारे ७४ लाख मतदारांनी त्याला कौल दिला होता, आणि लोकांनी निवडलेल्यास नाकारणारे आपण कोण, असा तिचा युक्तिवाद होता. हे सार्वमत धाकदपटशाच्या वातावरणात झाले, याकडे तिने दुर्लक्ष केले हेही नमूद केले पाहिजे. पत्नीची मालमत्ता कायद्याने पतीची मानली जाई त्या काळातील हा वाद आहे. घरात तो उघडपणे चाले, आणि कोणीही माघार घेतली नाही.

१८५९ मध्ये नेपोलियन तिसरा ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरला, तेव्हा तिला आपला विश्वास खरा ठरल्यासारखे वाटले. इटलीच्या प्रश्नावर दोघांनी एकत्र काव्य प्रसिद्ध करावे असाही बेत ठरला. जुलैमध्ये व्हिलाफ्रांका येथे त्याने अकस्मात तह केला व व्हेनिस ऑस्ट्रियाकडेच राहिले. एलिझाबेथ त्या धक्क्याने आजारी पडली. रॉबर्टने आपली कविता नष्ट केली. तिने मात्र ‘पोएम्स बिफोर काँग्रेस’ (१८६०) एकटीच्या नावाने प्रसिद्ध केले. तहाचा दोष तिने इतर युरोपीय सत्तांना दिला आणि सम्राटावरील श्रद्धा सोडली नाही. नीस आणि सव्हॉय फ्रान्सला द्यावे लागले ही सुटकेची किंमत होती. शोरडिचमध्ये दिली तशी. रॉबर्टच्या हिशेबात खंडणीखोर तो खंडणीखोरच.

इंग्लंडमध्ये या संग्रहावर कठोर टीका झाली. स्त्रीने राजकारणात पडू नये, असा सूर काही समीक्षकांनी लावला. अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्धची कविता एका नियतकालिकाने इंग्लंडविरुद्धची समजून घेतली. पुढेही तिच्या या मतांचे मूळ आजारपण, अफू अथवा प्रेतविद्येवरील श्रद्धेत शोधले गेले. प्रेतविद्येवर तिचा विश्वास होता, आणि तोही रॉबर्टला असह्य होता, हे खरे. पण पतीचे मत विचार आणि पत्नीचे मत विकार, ही वाटणी संशोधनाला शोभणारी नव्हे. तिचा निर्णय चुकीचा म्हणता येईल. अविचारी म्हणता येणार नाही.

मार्च १८६१ मध्ये इटलीच्या राज्याची घोषणा झाली. ६ जूनला काव्हूर वारला. त्या आघातानंतर अवघ्या काही आठवड्यांत, २९ जून रोजी, फ्लॉरेन्सच्या घरी रॉबर्टच्या बाहूंत तिने प्राण सोडला. तिच्या अखेरच्या कविता त्याने १८६२ मध्ये स्वतः संपादून फ्लॉरेन्स नगरपालिकेला अर्पण केल्या.

नेपोलियन १८७० मध्ये सेदान येथे पराभूत झाल्यावर, १८७१ मध्ये, रॉबर्टने ‘प्रिन्स होएनश्टील-श्वांगाउ’ हे दीर्घ नाट्यात्म स्वगत प्रसिद्ध केले. त्यात त्या सम्राटासारखा एक राज्यकर्ता आपल्या कृत्यांचे समर्थन करतो. एका परीक्षकाला ते साम्राज्याचे स्तोत्र वाटले, तर दुसऱ्याला इंग्लंडच्या जुन्या मित्रावरील निंद्य हल्ला.