विल्यम सी. ड्युरंट

विल्यम क्रेपो ड्युरंट (जन्म: ८ डिसेंबर १८६१, बॉस्टन, मॅसॅच्युसेट्स, मृत्यू: १८ मार्च १९४७, न्यू यॉर्क) हे अमेरिकन उद्योजक आणि वाहनउद्योगाचे एक प्रवर्तक होते. जनरल मोटर्स या कंपनीचे ते संस्थापक आणि शेवरोले कंपनीचे सहसंस्थापक होते. जनरल मोटर्सवरील ताबा त्यांनी दोन वेळा गमावला. त्यानंतर १९२१ साली त्यांनी ड्युरंट मोटर्स ही स्वतःच्या नावाची कंपनी काढली. सुरुवातीच्या मोठ्या यशानंतर ही कंपनी झपाट्याने खालावली आणि १९३३ साली विसर्जित झाली. अमेरिकेतील सर्वांत धनवान उद्योजकांत एकेकाळी गणले गेलेले ड्युरंट १९३६ साली दिवाळखोर ठरले.

प्रारंभिक जीवन

ड्युरंट यांचा जन्म बॉस्टन येथे झाला. त्यांचे आजोबा (आईचे वडील) हेन्री क्रेपो हे लाकडाच्या व्यापारात संपन्न झालेले उद्योजक होते आणि १८६५ ते १८६९ या काळात मिशिगन राज्याचे गव्हर्नर होते. वडील कुटुंबापासून दुरावल्यावर आई रेबेका मुलांना घेऊन मिशिगनमधील फ्लिंट या गावी राहायला आल्या. ड्युरंट यांचे बालपण आणि तारुण्य याच गावात गेले.

शालेय शिक्षण पूर्ण होण्याआधीच त्यांनी शाळा सोडली व आजोबांच्या लाकडाच्या वखारीत काम धरले. पुढे त्यांनी सिगार विकले, विम्याचा व्यवसाय केला आणि गावाच्या पाणीपुरवठा कंपनीचा कारभारही पाहिला. विक्रीचे असामान्य कौशल्य आणि दुसऱ्याला आपल्या योजनेत सामील करून घेण्याची हातोटी हे त्यांचे गुण याच काळात दिसू लागले.

घोडागाड्यांचा व्यवसाय

१८८६ साली फ्लिंटमध्ये ड्युरंट यांना एका दुचाकी घोडागाडीत बसण्याचा योग आला. तिच्या बैठकीखालील कमानींची रचना नवी असल्यामुळे प्रवासात धक्के फारच कमी बसत. ही गाडी मिशिगनमधीलच कोल्डवॉटर या गावी तयार होत असे. ड्युरंट यांनी तेथे जाऊन तिच्या उत्पादनाचे हक्क १,५०० डॉलरांना विकत घेतले. त्यासाठी लागणारी रक्कम त्यांनी फ्लिंटमधील एका बँकेकडून कर्जाऊ घेतली. जोसाया डॅलस डॉर्ट हे त्यांचे भागीदार झाले.

प्रारंभी या गाड्या दुसऱ्या कारखानदाराकडून बनवून घेतल्या जात. मागणी वाढल्यावर भागीदारांनी स्वतःचे कारखाने उभारले आणि चाके, आस, सांगाडे असे भागही स्वतःच बनवण्यास सुरुवात केली. ड्युरंट-डॉर्ट कॅरेज कंपनी या नावाने ओळखला जाऊ लागलेला हा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील सर्वांत मोठ्या घोडागाडी उत्पादकांपैकी एक बनला. त्याचे वार्षिक उत्पादन सुमारे ५०,००० वाहनांपर्यंत पोहोचले होते.

ब्युइक

डेव्हिड डनबार ब्युइक यांनी स्थापन केलेली मोटार कंपनी १९०४ साली फ्लिंटमध्ये आर्थिक अडचणीत होती. तिचे तत्कालीन मालक जेम्स व्हायटिंग यांनी ड्युरंट यांना मदतीसाठी पाचारण केले. मोटारींचा आवाज व धूर यांमुळे ड्युरंट यांना तोपर्यंत या वाहनाविषयी ओढा नव्हता. तथापि ब्युइकची मोटार खराब रस्त्यांवर अनेक आठवडे चालवून पाहिल्यावर त्यांचे मत बदलले. १ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली.

त्यानंतर न्यू यॉर्क येथील मोटार प्रदर्शनात त्यांनी हजाराहून अधिक गाड्यांची मागणी नोंदवून घेतली. तोपर्यंत कंपनीने मोजक्याच मोटारी तयार केल्या होत्या. आधी विक्री आणि मग त्यासाठी उत्पादन व भांडवल उभे करणे, ही त्यांची पुढील सर्व उद्योगांतील पद्धत येथे प्रथम दिसते. १९०८ साली ब्युइकने आठ हजारांहून अधिक मोटारी तयार केल्या आणि ती देशातील आघाडीची मोटार कंपनी ठरली.

जनरल मोटर्सची स्थापना

मोटारींचे एखादे प्रारूप एखाद्या वर्षी लोकप्रिय ठरते व पुढच्या वर्षी मागे पडते. म्हणून अनेक कंपन्या एका छत्राखाली असाव्यात, असे ड्युरंट यांचे मत होते. त्यानुसार १६ सप्टेंबर १९०८ रोजी न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्स कंपनीची नोंदणी झाली. नोंदणीच्या वेळी तिचे भांडवल अवघे २,००० डॉलर होते. ब्युइकपाठोपाठ ओल्ड्समोबिल, ओकलंड व कॅडिलॅक या कंपन्या तिच्या ताब्यात आल्या. १९०९ साली फोर्ड मोटर कंपनी ८० लाख डॉलरांना विकत घेण्याची बोलणी झाली होती. परंतु हेन्री फोर्ड यांनी रोख रक्कम मागितली व बँकांनी ती देण्यास नकार दिला.

सुमारे दोन वर्षांत ड्युरंट यांनी वीसहून अधिक कंपन्या घेतल्या. त्यांतील काही निरुपयोगी ठरल्या. १९१० साली विक्री मंदावताच रोख पैशांची टंचाई निर्माण झाली. बँकांच्या गटाने दीड कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले, मात्र पाच वर्षे कंपनीचा कारभार आपल्या हाती राहील अशी अट घातली. ड्युरंट संचालक मंडळावर राहिले, पण त्यांच्याकडे अधिकार उरला नाही.

शेवरोले आणि पुनरागमन

३ नोव्हेंबर १९११ रोजी ड्युरंट यांनी स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शर्यतपटू लुई शेवरोले यांच्यासह शेवरोले मोटर कंपनी स्थापन केली. लुई शेवरोले यांना मोठी व महाग मोटार अभिप्रेत होती, तर ड्युरंट यांना स्वस्त. या मतभेदातून लुई शेवरोले बाहेर पडले. त्यांचे नाव मात्र कंपनीकडेच राहिले. १९१५ साली बाजारात आलेली ४९० डॉलर किमतीची शेवरोले ४९० ही मोटार फोर्डच्या मॉडेल टी या गाडीची स्पर्धक ठरली.

तिच्या यशामुळे शेवरोलेच्या समभागांचा भाव चढला. ड्युरंट यांनी जनरल मोटर्सच्या एका समभागाच्या बदल्यात शेवरोलेचे पाच समभाग देऊ केले आणि अशा रीतीने १९१६ साली जनरल मोटर्सवर पुन्हा ताबा मिळवला. ते कंपनीचे अध्यक्ष झाले. या कार्यकाळात आल्फ्रेड स्लोन यांच्यासारखे कर्तबगार व्यवस्थापक कंपनीत आले, फ्रिजिडेअर हा शीतकपाटांचा उद्योग ताब्यात आला आणि हप्त्यांवर मोटार घेणाऱ्यांसाठी १९१९ साली स्वतंत्र अर्थसंस्था निघाली.

१९२० सालच्या मंदीत जनरल मोटर्सच्या समभागांचा भाव कोसळू लागला. तो सावरण्यासाठी ड्युरंट यांनी कर्ज काढून समभाग खरेदी करणे चालू ठेवले. त्यातून त्यांच्यावर कोट्यवधी डॉलरांचे देणे झाले. कंपनीतील मोठे भागधारक ड्यू पाँ आणि जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीने हे देणे आपल्याकडे घेतले. त्या बदल्यात १९२०च्या नोव्हेंबरअखेर ड्युरंट यांना अध्यक्षपद सोडावे लागले. पिएर ड्यू पाँ व नंतर आल्फ्रेड स्लोन यांनी कंपनीची घडी नव्याने बसवली.

ड्युरंट मोटर्स

स्थापना

राजीनाम्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, जानेवारी १९२१ मध्ये, ड्युरंट यांनी ड्युरंट मोटर्सची स्थापना केली. त्या वेळी ते ५९ वर्षांचे होते. स्नेही व जुन्या सहकाऱ्यांकडून त्यांना अल्पावधीत सुमारे ७० लाख डॉलर मिळाले. बँकांमुळे दोनदा ताबा गेल्यामुळे या वेळी भांडवल शक्यतो सामान्य लोकांकडून उभारावे असे त्यांनी ठरवले. समभाग हप्त्यांवर विकण्यात आले आणि थोड्याच काळात भागधारकांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. त्यांतील अनेकांची गुंतवणूक अगदी लहान होती.

वाहने आणि कारखाने

कंपनीची पहिली मोटार ड्युरंट याच नावाची होती. १९२२ साली ३४८ डॉलर किमतीची स्टार ही गाडी जाहीर झाली. मॉडेल टी ही तिची थेट स्पर्धक होती. स्टारची गिअरपेटी नेहमीच्या पद्धतीची असल्यामुळे पायांनी गिअर बदलाव्या लागणाऱ्या फोर्डपेक्षा ती अनेकांना सोयीची वाटे. १९२३ साली एक लाखाहून अधिक स्टार मोटारी तयार झाल्या. ब्रिटनमध्ये त्याच नावाची दुसरी कंपनी असल्याने ब्रिटन व त्याच्या वसाहतींत ही गाडी रग्बी या नावाने विकली जाई.

फ्लिंट, लॅन्सिंग, न्यू जर्सीतील एलिझाबेथ, इंडियानातील मन्सी, कॅलिफोर्नियातील ओकलंड आणि कॅनडात टोरंटोजवळील लीसाइड येथे कंपनीचे कारखाने होते. १९२२ साली श्रीमंत ग्राहकांसाठी मोटारी बनवणारी लोकोमोबिल ही जुनी कंपनी विकत घेण्यात आली.

एलिझाबेथ येथील कारखाना विलिस कंपनीच्या मालमत्तेच्या लिलावात ५० लाखांहून अधिक डॉलर मोजून घेतला गेला. वॉल्टर क्रायस्लर हेही या लिलावात इच्छुक होते. कारखान्यासोबत तेथे तयार झालेल्या नव्या मोटारीचा आराखडा ड्युरंट यांना मिळाला व त्यात बदल करून फ्लिंट ही मोटार काढण्यात आली. परंतु तो आराखडा करणारे झेडर, स्केल्टन व ब्रीअर हे अभियंते पुढे क्रायस्लर यांच्याकडे गेले. त्यांनी तयार केलेली १९२४ सालची मोटार अतिशय यशस्वी ठरली आणि क्रायस्लर ही अमेरिकेतील तीन प्रमुख कंपन्यांपैकी एक झाली. फ्लिंट मोटारीचे उत्पादन १९२७ साली थांबले.

ऱ्हास

ड्युरंट मोटर्सच्या अपयशाची अनेक कारणे होती. त्यांतील मुख्य कारण उत्पादनाच्या पद्धतीत होते. फोर्ड कंपनी इंजिनांसह बहुतेक भाग स्वतः तयार करी. स्टारची जुळणी मात्र बाहेरून घेतलेल्या भागांतून होई व तिचे इंजिन कॉन्टिनेन्टल कंपनीचे असे. त्यामुळे प्रत्येक गाडीवरील नफा थोडा होता. १९२२च्या ऑक्टोबरमध्ये फोर्डने मॉडेल टीच्या प्रवासी गाडीची किंमत २९८ डॉलरांवर आणली. ही घट सोसून स्पर्धा करणे ड्युरंट यांना शक्य नव्हते. घोडागाड्यांच्या व्यवसायात त्यांनी स्वतः अवलंबिलेली, भाग स्वतःच बनवण्याची पद्धत नव्या कंपनीत पुरेशी रुजली नाही.

दुसरे कारण नाममुद्रांची गर्दी हे होते. ड्युरंट, स्टार, फ्लिंट, लोकोमोबिल अशा निरनिराळ्या मोटारी जनरल मोटर्सच्या धर्तीवर प्रत्येक किमतीच्या ग्राहकासाठी काढल्या गेल्या; पण तेवढ्या प्रमाणात विक्री नव्हती. त्याच काळात जनरल मोटर्सची शेवरोले जोमाने वाढत होती. आपण स्वतः उभारलेल्या कंपनीशीच ड्युरंट यांना स्पर्धा करावी लागत होती.

तिसरे कारण म्हणजे ड्युरंट यांचे बदललेले लक्ष. १९२४ नंतर त्यांचा बहुतेक वेळ न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात जाऊ लागला. तेथील तेजीत ते एक प्रमुख सटोडिये म्हणून प्रसिद्ध झाले. कारखान्यांमध्ये मात्र निर्णय रखडत गेले आणि नव्या प्रारूपांचे काम मागे पडले. फ्लिंट येथील कारखाना १९२६ साली जनरल मोटर्सला विकावा लागला. १९२८ साली स्टार हे नाव बंद करून तीच गाडी ड्युरंट या नावाने विकण्यात येऊ लागली. लोकोमोबिलचे उत्पादन १९२९ साली थांबले.

अखेर

१९२९च्या सुमारास दैनंदिन कारभार डॉज कंपनीतून आलेल्या अनुभवी अधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. ड्युरंट यांची वैयक्तिक संपत्ती त्यात बुडत गेली आणि कंपनीला सावरू शकेल असा कोणी उरला नाही. माती या फ्रेंच कारखानदाराची छोटी मोटार लॅन्सिंग येथे तयार करण्याचा करार १९३० साली जाहीर झाला, परंतु तिचे उत्पादन कधीच सुरू झाले नाही. महामंदीत विक्री घटत गेली. विक्रेते अन्य कंपन्यांकडे वळले. अमेरिकेतील उत्पादन १९३१च्या सुमारास थांबले व १९३३ साली कंपनी विसर्जित झाली. कॅनडातील शाखा डोमिनियन मोटर्स या नावाने आणखी काही काळ चालली. हप्त्याहप्त्याने समभाग घेतलेल्या सामान्य गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले.

वैयक्तिक जीवन

ड्युरंट यांचा पहिला विवाह क्लारा पिट यांच्याशी झाला. त्यांना मार्जरी ही मुलगी व क्लिफ हा मुलगा होता. १९०८ साली घटस्फोट झाल्यावर त्यांनी कॅथरिन लेडरर यांच्याशी विवाह केला. क्लिफ ड्युरंट हे मोटार शर्यतपटू होते; वडिलांच्या कंपन्यांतही त्यांनी काम केले. १९३७ साली त्यांचे निधन झाले. मार्जरी यांनी वडिलांवर लिहिलेले पुस्तक १९२९ साली प्रकाशित झाले.

अखेरचा काळ

फेब्रुवारी १९३६ मध्ये ड्युरंट यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यात सुमारे ९,१४,००० डॉलरांचे देणे आणि २५० डॉलर किमतीचे कपडे एवढीच मालमत्ता नोंदवलेली होती. त्या काळात न्यू जर्सीतील ॲस्बरी पार्क येथे ते किराणा व खाद्यपदार्थांचे दुकान चालवीत होते. १९४० साली त्यांनी फ्लिंटमध्ये बोलिंग खेळाचे केंद्र सुरू केले व अशा केंद्रांची साखळी उभारण्याची योजना आखली. त्याच वर्षी जनरल मोटर्सने आपल्या अडीच कोटीव्या मोटारीचा समारंभ साजरा केला. त्या वेळी आल्फ्रेड स्लोन यांनी ड्युरंट यांना व्यासपीठावर नेऊन त्यांचा गौरव केला.

१९४२ साली पक्षाघाताचा झटका आल्यावर त्यांचे हिंडणे-फिरणे बंद झाले. स्लोन व जनरल मोटर्समधील काही जुन्या सहकाऱ्यांनी त्यांच्या निर्वाहासाठी आर्थिक साहाय्य केले. १८ मार्च १९४७ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ब्रॉन्क्समधील वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे जुने प्रतिस्पर्धी हेन्री फोर्ड यांचे निधन त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत झाले.

वारसा

अनेक नाममुद्रा, निरनिराळ्या किमती आणि हप्त्यांवर विक्री ही ड्युरंट यांच्या काळात आकाराला आलेली रचना पुढे जगभरच्या वाहनउद्योगाने स्वीकारली. तिला शिस्तबद्ध व्यवस्थापनाची जोड मात्र स्लोन यांनी दिली. भारतातील पहिला मोटार जुळणी कारखाना जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे सुरू केला.

ड्युरंट मोटर्सच्या इमारती कंपनीनंतरही वापरात राहिल्या. फ्लिंट येथील तिचा कारखाना जनरल मोटर्सकडे गेल्यावर फिशर बॉडी क्रमांक १ या नावाने ओळखला गेला. १९३६-३७ मधील कामगारांचा प्रसिद्ध बैठा संप तेथे झाला. या संपानंतर जनरल मोटर्सने मोटार कामगारांच्या संघटनेला मान्यता दिली. ड्युरंट-डॉर्ट कॅरेज कंपनीच्या कार्यालयाची फ्लिंटमधील इमारत आज राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जतन करण्यात आली आहे.