जेआरडींची बुगाटी आणि मामाची आरएक्स

आज संध्याकाळी मेसला जाताना होस्टेलच्या पार्किंगमधून एक चक्कर मारा. कितीतरी गाड्यांच्या सीटवर शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच दिसेल. कारण विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे, पुढे विकताना भाव चांगला येतो! म्हणजे घामेजलेल्या प्लास्टिकवर आपण बसायचं आणि मऊ सीट ठेवायची पुढच्या मालकासाठी.

अर्थात मला हसायचा अधिकार नाही. माझा मामा मुरूडजवळ राहतो. त्याच्याकडे १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. तरुणपणी त्यानं ती जीव लावून चालवली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. आरएक्सचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलेलं, त्यामुळे शौकीन लोक चांगल्या गाडीला वाट्टेल तो भाव देतात. अडीनडीला उपयोगी पडेल म्हणून मामानं गाडी धुऊनपुसून पडवीत ठेवली, वर ताडपत्री बांधली आणि चालवणं बंद केलं. हा सल्ला त्याला दिला होता अस्मादिकांनी! मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाल्यापासून घरात माझ्या शब्दाला जरा वजन आलं होतं.

त्या गाडीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. मधल्या काळात लायब्ररीत जेआरडी टाटांचं चरित्र हाती लागलं आणि माझा सल्ला मलाच टोचू लागला.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडी, यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. उत्तर फ्रान्समधल्या हार्डेलो या समुद्रकाठच्या गावी हे कुटुंब सुट्टीला जायचं. तिथे शेजार होता लुई ब्लेरिओचा, म्हणजे १९०९ मध्ये विमानानं इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणाऱ्या माणसाचा. वाळूवर उतरणारी विमानं बघत हा मुलगा वाढला. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसायला मिळालं आणि तेव्हाच त्यानं ठरवलं, आपण वैमानिक व्हायचं.

आपल्यासारख्यांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. जेआरडींना केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकायचं होतं. पण १९२५ मध्ये वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतलं आणि टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून कामाला लावलं. पदवीची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, वडील वारले. बावीस वर्षांच्या मुलावर धाकट्या भावंडांची जबाबदारी आली. वडिलांच्या मागे कर्जही होतं आणि ते फेडायला घरं विकावी लागली.

माझा रूममेट इथे मला थांबवतो. टाटांचं काय, त्यांच्याकडे पैसा होता, आपल्याला नाही परवडत, असं त्याचं म्हणणं. मुद्दा खोटा नाही. कर्ज फेडूनही जेआरडी आपल्यासारखे मेसच्या बिलाला घाबरत नव्हते, हे मान्य. पण मला शोधायचं होतं ते वेगळंच. हातात आलेल्या आवडत्या यंत्राशी हा माणूस कसा वागला?

पहिलं आवडतं यंत्र म्हणजे बुगाटी. फ्रान्समधल्या मोलशाइम गावी एटोरे बुगाटीच्या कारखान्यात तेव्हा जगातल्या सर्वांत देखण्या आणि वेगवान गाड्या बनायच्या. सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ ही अवघड शर्यत बुगाटीनं १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षं जिंकली. त्या काळच्या बुगाट्या आज लिलावात कोट्यवधी रुपयांना जातात. अशी गाडी पंचविशीतल्या जेआरडींकडे मुंबईत होती. त्यांनी ती गॅरेजमध्ये झाकून ठेवली नाही. मुंबईच्या रस्त्यांवर चालवली, आणि तीही जोरात!

या जोराची किंमतही मोजावी लागली. पेडर रोडवर एका अपघाताच्या प्रकरणात पोलिसांनी त्यांच्यावरही ठपका ठेवला. बचावासाठी ते जॅक विकाजी या नावाजलेल्या वकिलाकडे गेले. केस निभावली, आणि तिथेच विकाजींची पुतणी थेल्मा भेटली. डिसेंबर १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं. ही गोष्ट सगळे गमतीनं सांगतात, पण मला त्यातला अपघातही विसरता येत नाही. वडखळच्या रस्त्यावर रात्री गाडी पळवणाऱ्या आपल्यातल्या शूरवीरांनी फक्त थेल्माचा भाग लक्षात ठेवू नये. प्रत्येक केस लग्नात संपत नाही.

दुसरं आणि खरं प्रेम म्हणजे विमान. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला, जेआरडी लगेच दाखल झाले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला वैमानिक परवाना, क्रमांक १.

१९२९ मध्ये आगाखानांनी बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले, आणि अस्पी इंजिनीअर नावाचा कोवळा तरुण इंग्लंडहून उलट दिशेनं. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता, त्याला स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले. अस्पी उडाला, आणि थोड्या तासांच्या फरकानं बक्षीस त्यानं जिंकलं! पुढे हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

मी दोन वेळा ही गोष्ट वाचली. पुढच्या वाळवंटात आपल्यालाच लागतील म्हणून प्लग खिशात ठेवणं सोपं होतं आणि हिशेबी शहाणपणाचंही होतं. पण प्लग इंजिनात बसल्यावरच ठिणगी देतो. या माणसाला ते मनापासून कळलं होतं.

याच सुमारास नेव्हिल विन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक टपाल विमानसेवेची कल्पना घेऊन टाटांकडे आला. दोन लाखांचं भांडवल आणि दोन पुस मॉथ विमानं एवढ्यावर सुरुवात झाली. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकटेच निघाले. बरोबर ५५ पौंड टपाल होतं, रेडिओ नव्हता. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे बैलगाडीतून आणलेले पेट्रोलचे डबे विमानात रिते झाले. दुपारी विमान जुहूला पोचलं. तिथून विन्सेंटनं टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं, म्हणून चार महिने सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचे. १९३५ मध्ये मुंबई-गोवा-कण्णूर-त्रिवेंद्रम अशी सेवाही निघाली. आपल्या आज्या-पणज्यांनी कोकणच्या आभाळात पाहिलेलं पहिलं विमान कदाचित तेच असेल.

पुढचं बरंच तुम्हाला ठाऊक असेल. १९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस मुंबईहून लंडनला निघालं. प्रवासात जेआरडी शांत बसत नसत. खुर्ची नीट मागे जाते का, चहा आणि कॉफीचा रंग एकसारखाच का दिसतो, पडदे कसे आहेत, सगळ्याच्या नोंदी करून अधिकाऱ्यांना पाठवायचे. मला इथेच जपणं या शब्दाचा अर्थ लागला. ते जपायचेच, आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त बारकाईनं जपायचे. पण ते जपणं विमान उद्या पुन्हा नीट उडावं म्हणून होतं.

१९५३ मध्ये सरकारनं विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. स्वतःच्या हातानं उभं केलेलं हातातून गेलं. जेआरडींना दुःख झालं, पण कडवटपणा धरून ते घरी बसले नाहीत. सरकारी एअर इंडियाचं अध्यक्षपद घेतलं आणि १९७८ मध्ये दूर केलं जाईपर्यंत पंचवीस वर्षं काम केलं. (ती एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडे परत आली, तेव्हा ते पाहायला जेआरडी नव्हते.)

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग मात्र म्हातारपणीचा आहे. १९६२ मध्ये पहिल्या उड्डाणाला तीस वर्षं झाली म्हणून जेआरडींनी कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला, जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून. आणि १९८२ मध्ये, पन्नास वर्षं झाली तेव्हा, पुन्हा एकदा! लेपर्ड मॉथ हे १९३० च्या दशकातलं विमान. लाकूड आणि कापड यांचं. दुसऱ्या कुणी ते संग्रहालयात दोरीच्या मागे ठेवलं असतं आणि खाली पाटी लावली असती. ७८ वर्षांचे जेआरडी त्यात बसले आणि अहमदाबादमार्गे जुहूला आले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले.

आता मामाची गाडी. मागच्या दिवाळीत पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं. आम्ही मोठ्या ऐटीत ताडपत्री सोडली. वरून गाडी लखलखीत होती. पण टाकीचं झाकण उघडल्यावर आतून लाल गंज दिसला. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता, क्लच प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, क्रँकची ऑइल सीलं वाळून कडक झाली होती. समुद्राची खारी हवा ताडपत्रीखाली कोंडून राहिली आणि तिनं आपलं काम केलं. रोज चालणाऱ्या गाडीत ताजं तेल फिरतं, पेट्रोल बदलतं, इंजिनाच्या उष्णतेनं ओल उडून जाते. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, आणि मामाला सांगितलं होतं बरोबर उलटं. गिऱ्हाइकानं निम्मा भाव सांगितला. मामा काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

सुट्टीचे बारा दिवस मी आणि गावातला गॅरेजवाला त्या इंजिनाला लागलो. टाकी आतून साफ केली, सीलं आणि क्लच प्लेटा बदलल्या. खर्च माझ्या नव्या मोबाइलसाठी साठवलेल्या पैशांतून केला. तेराव्या दिवशी सातव्या किकला ती बोलली. सगळी वाडी निळ्या धुरात गेली आणि मामी ओरडत बाहेर आली.

आता मामा रोज सकाळी गाडी काढतो, मासळी आणायला मुरूडच्या बाजारापर्यंत जातो आणि येतो. आल्यावर फडक्यानं खारं पाणी पुसतो. पोफळीची नवी रोपं अजून लहान आहेत, त्यामुळे गाडी विकावी लागणारच नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन परवा पुन्हा येऊन गेला, या वेळी भाव बराच वाढवून. मामा म्हणाला, कळवतो. आणि किक मारून मासळी आणायला गेला.

मी होस्टेलला परत आलो त्या दिवशी माझ्या सीटवरचं प्लास्टिक फाडून टाकलं. तुम्हीही बघा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी