शाळा १६ व्या वर्षी सुटली, नोकरी २४ व्या वर्षी सोडली, तरी तुमच्या मोबाइलमध्ये आजही याच माणसाचं गणित चालतं

सोलापूर जिल्ह्यातलं केम म्हटलं की आधी आठवतं ते कुंकू. करमाळा तालुक्यातल्या या गावाला मुंबई-सोलापूर लाइनवर स्वतःचं स्टेशन आहे. १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली आणि रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. एका स्टेशनची खबर दुसऱ्या स्टेशनला त्या तारेवरून जायची. आज त्याच केममध्ये कुंकवाची ऑर्डर मोबाइलवर येते.

खांबावरची तार आणि मोबाइलच्या आतला सर्किट बोर्ड, या दोन्हींमधून सिग्नल कसा धावतो याचं गणित मात्र एकच. ते मांडणारा माणूस भारतात कधी आलाच नाही. त्याचं नाव ऑलिव्हर हेविसाइड.

जन्म १८ मे १८५०, लंडनचा. वडील लाकडावर कोरीव काम करून छपाईचे ठसे बनवायचे. घरात ओढाताण. लहानपणी स्कार्लेट फिव्हर झाला आणि कान अधू झाले. १६ व्या वर्षी शाळा सुटली. पण एक नातं कामाला आलं. त्याची मावशी चार्ल्स व्हीटस्टन यांना दिलेली, म्हणजे तारयंत्राच्या जनकांपैकी एक असलेला माणूस थेट घरचाच. १८६८ साली पोरगा डेन्मार्क-इंग्लंड समुद्री तारेच्या कंपनीत चिकटला.

१८७४ मध्ये त्याने ती नोकरी सोडली. वय २४. त्यानंतर आयुष्यात दुसरी नोकरी केली नाही. आईवडिलांच्या घरी खोलीचं दार लावून मॅक्सवेलचा विजेवरचा जाडजूड ग्रंथ वाचत बसला. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसाने! मॅक्सवेलने २० समीकरणांत सांगितलेलं पुढे त्याने ४ समीकरणांत बसवलं. आज इंजिनिअरिंगची पोरं मॅक्सवेलची म्हणून जी ४ समीकरणं पाठ करतात, ती हेविसाइडच्या मांडणीतली आहेत.

आता खरा पंगा.

लांब केबलमध्ये सिग्नल टाकला की ओल भिंतीत पसरावी तसा तो पसरायचा. इकडून टकटकीत ठिपका पाठवावा, तिकडे धूसर डाग निघावा. लॉर्ड केल्विन यांनी याचं गणित केलं होतं, पण त्यात दोनच गोष्टी होत्या : तारेचा विरोध आणि तारेत साठणारा विद्युतभार. हेविसाइडने १८७६ मध्ये तिसरी गोष्ट घातली. प्रवाहाला एक प्रकारचं जडत्व असतं, तो एकदम सुरू होत नाही आणि एकदम थांबतही नाही. याला पुढे त्यानेच इंडक्टन्स हे नाव दिलं. इम्पीडन्स हा शब्दही त्याचाच. हे जडत्व धरलं की सिग्नल नुसता पसरत नाही, लाटेसारखा पळतो.

१८८७ मध्ये तो आणखी पुढे गेला. विरोध, जडत्व, साठा आणि गळती यांचं प्रमाण नीट जुळवलं, तर सिग्नल थोडा मंद होईल, पण त्याचा आकार बिघडणार नाही. म्हणजे तारेत इंडक्टन्स वाढवा!

ब्रिटिश पोस्ट खात्यातले बडे अभियंते विल्यम प्रीस नेमके उलट सांगत होते. त्यांच्या मते इंडक्टन्स हा शत्रू होता. प्रीस यांनी आयुष्य तारा टाकण्यात घालवलेलं आणि हा घरात बसून कागदावर आकडेमोड करणारा बेकार. ऑलिव्हरचा भाऊ आर्थर पोस्ट खात्यातच होता. दोघा भावांनी मिळून लिहिलेला निबंध प्रीस यांनी अडवला. त्याच वर्षी ज्या साप्ताहिकात त्याची लेखमाला चालू होती तीही बंद झाली. प्रीस यांच्या अनुभवाला कमी लेखायचं कारण नाही, पण हातातलं पद वापरून कागद दाबणं हा काही अनुभव नव्हे.

१८८८ मध्ये हर्ट्झने विजेच्या लाटा प्रयोगातून दाखवल्या आणि वारं फिरलं. १८८९ मध्ये खुद्द केल्विन यांनी जाहीरपणे हेविसाइडची तारीफ केली, १८९१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पैसा मात्र दुसरीकडे गेला. तारेत ठरावीक अंतरावर इंडक्टन्सची गुंडाळी बसवायचं पेटंट अमेरिकेत मायकेल प्युपिनने घेतलं, टेलिफोन कंपनीने ते विकत घेतलं आणि प्युपिन श्रीमंत झाला. हेविसाइडला मित्रांच्या खटपटीने १८९६ पासून वर्षाला १२० पौंड सरकारी पेन्शन मिळू लागली, तेवढीच.

आता मोबाइल किंवा सर्व्हर उघडा. आतला बोर्ड एकसंध दिसला तरी तो थरांचा असतो. एका थरावरून दुसऱ्या थरावर सिग्नल न्यायला बारीक भोक पाडून आतून तांब्याचा मुलामा देतात. त्याला व्हाया म्हणतात. वेगवान सिग्नल जोडीने जातात, एकात सरळ, दुसऱ्यात उलटा, म्हणजे दोघांवर सारखाच पडलेला बाहेरचा गोंगाट वजाबाकीत निघून जातो. अशा जोडीची भोकंही जोडीने. हे डिफरन्शियल व्हाया.

गडबड इथेच होते. भोकातल्या तांब्याच्या नळीला इंडक्टन्स असतो, आजूबाजूच्या थरांशी तिचा विद्युतभाराचा साठा असतो. दोघांचं प्रमाण बिघडलं की वाटेवरचा इम्पीडन्स, समजा १०० ओहम हवा, तो त्या जागी बदलतो आणि सिग्नलचा काही भाग मागे उसळतो. भोकाची न वापरलेली शेपटी उरली तर आणखी घोळ. साध्या बोर्डात दीड मिलिमीटरची शेपटी साधारण २५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल गिळते. म्हणून ती मागून ड्रिल करून काढतात.

बोर्ड बनवून मग चूक शोधणं महागात पडतं. त्यामुळे आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करतात. भोकाभोवतीची मोकळी जागा वाढवली की साठा कमी होतो, शेजारी ग्राउंडची भोकं दिली की परतीची वाट जवळ येते. हे सगळं सॉफ्टवेअर त्या ४ समीकरणांवरून काढतं. मग जोडीत विजेची एक अचानक उडी सोडून किती परत येतं ते बघतात. या उडीला गणितात हेविसाइड स्टेप फंक्शन असंच म्हणतात.

म्हातारपणी तो टॉर्कीला एकटाच राहायचा. घरात फर्निचरऐवजी ग्रॅनाइटचे दगड होते असं सांगतात. १९०२ मध्ये त्याने वातावरणात वर रेडिओ लाटा परतवणारा थर असावा असं सुचवलं, १९२२ मध्ये पहिलं फॅरेडे पदक त्याला मिळालं. ३ फेब्रुवारी १९२५ ला तो गेला. वरचा तो थर खरंच आहे याचा प्रयोगातून पुरावा अ‍ॅपल्टन यांना मिळाला, तो त्याच सुमारास.