विश्लेषण : आयसीयूत चोवीस तास प्रशिक्षित डॉक्टर का लागतो? पीटर साफर यांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

अतिदक्षता विभाग म्हटले की डोळ्यांसमोर येतात व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि नळ्या. यंत्रे मात्र रुग्णाला वाचवत नाहीत. ती कधी लावायची, कधी काढायची आणि पहाटे तीन वाजता रक्तदाब कोसळला तर आधी काय करायचे, हे ठरवणारा डॉक्टर खाटेजवळ असावा लागतो. असा डॉक्टर घडवण्यासाठी वेगळे प्रशिक्षण हवे, हा आग्रह धरणाऱ्यांत पीटर साफर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. सीपीआरच्या जनकांपैकी एक अशी त्यांची जगाला ओळख आहे. त्यांच्या घरात घडलेल्या एका दुर्घटनेने या कामाला वेगळी दिशा दिली.

पीटर साफर कोण होते?

साफर यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी व्हिएन्नात झाला. वडील नेत्रतज्ज्ञ, तर आई बालरोगतज्ज्ञ. आईच्या बाजूने ज्यू वारसा असल्याने नाझी राजवटीत कुटुंबावर संकट होते. जर्मन सैन्यातील भरती टाळण्यासाठी साफर यांनी त्वचेवर मलम चोळून आपला इसब मुद्दाम वाढवला, असे त्यांच्या चरित्रात नोंदले गेले आहे. १९४८ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. त्यानंतर अमेरिकेत येल येथे त्यांनी शस्त्रक्रियेचे आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भूलशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. पेरूची राजधानी लिमा येथे भूलशास्त्र विभाग उभारून ते बाल्टिमोरला आले.

तोंडाने श्वास देण्याचा प्रयोग काय होता?

श्वास थांबलेल्या माणसाला पालथे झोपवून पाठ दाबायची आणि हात वर उचलायचे, ही त्या काळची रूढ पद्धत. १९५६ मध्ये साफर यांची भेट डॉ. जेम्स एलम यांच्याशी झाली. माणसाच्या उच्छ्वासात सुमारे १६ टक्के प्राणवायू शिल्लक असतो आणि तेवढा दुसऱ्याला जगवायला पुरतो, हे एलम यांनी दाखवले होते.

साफर यांनी याची चाचणी जिवंत माणसांवर घेतली. स्वयंसेवकांना गुंगीचे औषध आणि स्नायू शिथिल करणारे क्युरारे देऊन त्यांचा श्वास थांबवण्यात आला. मग सामान्य लोकांना त्यांच्या तोंडात फुंकर घालायला सांगून फुप्फुसात किती हवा जाते ते मोजले गेले. जुन्या पद्धतीत हवा जेमतेम हलत होती, कारण बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो. डोके मागे झुकवून हनुवटी उचलली की मार्ग मोकळा होतो. १९५८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अमेरिकी लष्कर व रेडक्रॉसने नवी पद्धत स्वीकारली. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधील कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती दाबण्याची पद्धत मांडली. दोन्ही एकत्र आल्यावर आजचा सीपीआर तयार झाला. त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी तयार करणारे आस्मुंड लेर्डाल यांनी सरावासाठीची प्रसिद्ध बाहुली बाजारात आणली. तिच्यामागेही साफर यांची प्रेरणा होती.

आयसीयूची गरज कशी पुढे आली?

श्वास परत आला तरी पुढचे काही तास धोक्याचे असतात. ते साध्या वॉर्डात, एका परिचारिकेच्या भरवशावर काढणे शक्य नसते. कोपनहेगनमध्ये १९५२ च्या पोलिओ साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्यानुसार सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला होता. पुढच्याच वर्षी तिथे अतिदक्षता विभाग सुरू झाला. साफर यांनी १९५८ मध्ये बाल्टिमोर सिटी हॉस्पिटलमध्ये असा विभाग उघडला. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे, तिथे दिवसरात्र डॉक्टर हजर असे. अमेरिकेतील अशा पहिल्या विभागांत त्याची गणना होते.

डॉक्टरांना वेगळे काय शिकवायचे होते?

१९६१ मध्ये साफर पिट्सबर्ग विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांनी भूलशास्त्राचा विभाग उभारला. इथेच मुख्य अडचण समोर आली. हृदयतज्ज्ञ हृदय पाहतो, शल्यचिकित्सक जखम पाहतो. मात्र आयसीयूतील रुग्णाचे फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड आणि मेंदू एकाच वेळी ढासळत असतात. एका अवयवासाठी दिलेले सलाईन दुसऱ्याला घातक ठरू शकते. हा सगळा तोल सांभाळणारे एक डोके हवे, असे साफर यांचे मत होते.

त्यासाठी त्यांनी १९६० च्या दशकात क्रिटिकल केअरची फेलोशिप सुरू केली. जगातील अशा पहिल्या प्रशिक्षण कार्यक्रमांत ती गणली जाते. तिचे दार फक्त भूलतज्ज्ञांसाठी नव्हे, तर फिजिशियन, सर्जन आणि बालरोगतज्ज्ञांसाठीही खुले होते. १९७० मध्ये मॅक्स हॅरी वाइल आणि विल्यम शूमेकर यांच्यासोबत त्यांनी सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९८० च्या दशकात अमेरिकेत या शाखेची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली.

१९६६ मध्ये काय घडले?

साफर एका वैद्यकीय परिषदेसाठी बाहेरगावी असताना त्यांची शाळकरी मुलगी एलिझाबेथ हिला दम्याचा तीव्र झटका आला. नंतरच्या उपचारांनी हृदय आणि फुप्फुसे पुन्हा सुरू झाली, पण प्राणवायूअभावी मेंदूची भरून न येणारी हानी झाली होती. ती वाचली नाही. लाखोंना उपयोगी पडलेले ज्ञान ज्याने उभे केले, त्याच्याच मुलीपर्यंत ते वेळेत पोहोचले नाही.

या मृत्यूनंतर साफर यांनी दोन दिशांनी काम वाढवले. पहिली दिशा रुग्णालयाबाहेरची. त्या काळी पिट्सबर्गमध्ये रुग्णांना पोलिसांच्या गाडीतून, जवळपास विनाउपचार नेले जाई. १९६७ मध्ये फ्रीडम हाऊस या रुग्णवाहिका सेवेसाठी साफर यांनी हिल डिस्ट्रिक्ट भागातील बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण दिले. पुढे त्यांच्याच फेलो डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी या सेवेची वैद्यकीय सूत्रे हाती घेतली. अमेरिकेच्या पॅरामेडिक अभ्यासक्रमाचा पाया त्यातून घातला गेला. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले.

दुसरी दिशा मेंदूची. हृदय सुरू झाले म्हणजे काम संपले असे नाही, मेंदू वाचला पाहिजे, यावर साफर यांनी उरलेले आयुष्य संशोधन केले. शरीर थोडे थंड ठेवण्याचा उपचार त्यांनी दीर्घकाळ लावून धरला. २००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातील दोन चाचण्यांनी त्याला बळ दिले. नेमके किती तापमान ठेवावे यावर पुढे मतभेद झाले. मात्र हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर मेंदू जपणे, हा आता आयसीयूच्या उपचारांचा भाग आहे. ३ ऑगस्ट २००३ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी साफर यांचे कर्करोगाने निधन झाले.

भारतात काय स्थिती?

इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन ही संस्था १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिचे स्वतःचे अभ्यासक्रम आहेत. त्याशिवाय एमडीनंतर तीन वर्षांचा डीएम किंवा डीआरएनबी अभ्यासक्रमही करता येतो. करोनाच्या लाटेत अनेक ठिकाणी व्हेंटिलेटर पोहोचले, पण ते चालवणारे प्रशिक्षित हात कमी पडले. रुग्णाचे नातेवाईक आजही आयसीयूत कोणती यंत्रे आहेत, हे आधी विचारतात. साफर यांच्या आयुष्याकडे पाहिले तर पहिला प्रश्न वेगळा असायला हवा : रात्री खाटेजवळ कोण असते आणि त्याचे प्रशिक्षण काय झाले आहे?