सर हम्फ्री डेव्ही : समुद्रातील धातूचे रक्षक

पाण्याखालील पोलादाला गंजापासून वाचवण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया घालणारे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झान्स येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर एका शल्यचिकित्सकाकडे उमेदवारी करताना त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. १८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने १८०७ मध्ये त्यांनी पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी केली. १८१५ मध्ये त्यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षा दीप तयार केला, तर १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले.

त्या काळी लाकडी युद्धनौकांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले जात. समुद्राच्या पाण्यात ते झपाट्याने झिजत. १८२३ मध्ये नौदलाने हा प्रश्न डेव्ही यांच्यापुढे ठेवला. ही झीज विद्युत-रासायनिक असल्याचे त्यांनी ओळखले. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहान तुकडा जोडला, की तो तुकडा स्वतः झिजतो आणि तांबे सुरक्षित राहते, हे त्यांनी १८२४ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. कोचीन येथे बांधलेल्या ‘समारंग’ या युद्धनौकेवर ओतीव लोखंडाचे तुकडे बसवून या उपायाची चाचणीही घेण्यात आली.

तांबे वाचले, मात्र नवीच अडचण उभी राहिली. पाण्यात हळूहळू विरघळणारे तांबे सागरी जीवांना विषारी ठरत असे. झीज थांबताच अनेक जहाजांच्या तळांवर शेवाळ व कवचधारी जीव वाढू लागले आणि जहाजांचा वेग मंदावला. १८२५ पासून नौदलाने हे तुकडे काढून टाकण्यास सुरुवात केली. डेव्ही यांच्यावर टीकेची झोड उठली. प्रकृती ढासळल्याने १८२७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

लाकडी जहाजांवर अपयशी ठरलेले हे तत्त्व पोलादाच्या युगात उपयोगी पडले. जहाजांचे तळ आणि समुद्रातील नळ यांवर आज संरक्षक रंगाचे किंवा लेपाचे थर दिले जातात. लेप पोलादाला पाण्यापासून दूर ठेवतो. मात्र त्याला ओरखडा पडला, की उघड्या जागी गंज चढू लागतो. अशा ठिकाणी शेजारी जोडलेले जस्त किंवा ॲल्युमिनियम झिजते आणि पोलाद वाचते. जहाजांवर वाढणारे जीव रोखण्यासाठी वेगळा रंग वापरला जातो व त्यात बहुधा तांब्याचेच संयुग असते. डेव्ही यांना एकाच वेळी न सुटलेले दोन प्रश्न अशा रीतीने स्वतंत्रपणे सोडवले गेले.